खुंटीवरची बंदूक

आमच्या शेजारच्या काकूंच्या माजघरात एक सागवानी खुंटी आहे. तिच्यावर गेली कितीतरी वर्षे एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. काकूंच्या सासऱ्यांनी रानडुकरांपासून भात राखण्यासाठी रीतसर परवाना काढून ती घेतली होती. पुढे परवाना काकांच्या नावावर झाला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली उतरे. नळीवरून तेलाचा हात फिरे, दस्त्याला हळदकुंकू लागे, झेंडूचे फूल वाहिले जाई आणि बंदूक पुन्हा खुंटीवर चढे. निवडणूक आली म्हणजे काका तिला खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करीत आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून परत आणीत. एवढ्या दोन फेऱ्यांपलीकडे त्या बंदुकीने फारसे जग पाहिले असेल असे मला वाटत नाही.

यंदा गणपती गेले आणि पाठोपाठ काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर काकूंनी त्यांची जुनी ट्रंक आवरायला काढली, तेव्हा तळाशी एका फडक्यात बांधलेला लोखंडाचा जिन्नस निघाला. दुसऱ्या कुठल्याशा बंदुकीचा तो चाप होता. घोडा, कमान आणि कळ, सगळे जागच्या जागी. पण ना नळी, ना दस्ता. काकूंनी मला बोलावून घेतले आणि ते फडके माझ्यापुढे ठेवले.

“मास्तर, बंदुकीचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. ती ठाण्यावर नेऊन द्यायची. पण हा नुसता चाप! ह्याने चिमणीसुद्धा मरायची नाही. ह्यालाही परवाना लागतो का हो?”

मला प्रथम हसू आले. पण घरी येऊन विचार करू लागलो तसतसे ध्यानात आले की काकूंचा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. सुटा भाग म्हणजे बंदूक की नव्हे, हा प्रश्न जगाला पडला त्याला सव्वादोनशे वर्षे उलटून गेली. त्या आधी तो पडण्याचे कारणच नव्हते.

कारण पूर्वीची बंदूक एका माणसाच्या हातची असे. तोड्याची असो की चकमकीची, तिची नळी, तिचा चाप, तिचा दस्ता हे सारे एका कारागिराने एकमेकांच्या मापाने घडवलेले असत. चापाच्या पट्टीला भोक पाडायचे ते दस्त्याला लावून पाहून. कमान कानशीने घासायची ती घोडा नीट पडेपर्यंत. सोनार जसा बोट पाहून अंगठी करतो तसाच हा प्रकार. त्यामुळे एका बंदुकीचा चाप दुसरीला बसेल ही आशाच नको. छिद्रे जुळत नसत, आणि जुळली तर घोडा वाकडा पडे. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी ज्या बंदुका घेऊन उभ्या राहिल्या त्याही हाताने घडवलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढच्या शत्रूच्याही तशाच होत्या. ऐन गर्दीत एकीची कमान तुटली आणि दुसरीचा दस्ता फुटला, तर दोन मोडक्यांची मिळून एक धड करता येत नसे. लोहाराची भट्टी पेटेपर्यंत दोन्ही बंदुका म्हणजे नुसत्या काठ्या!

अशा काळात सुट्या भागाला कोण विचारणार? बंदुकीपासून वेगळा झालेला चाप म्हणजे भंगार. त्याला पुन्हा जीव द्यायचा तर कारागीरच हवा.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली ती फ्रान्समध्ये. होनोरे ब्लाँ नावाचा एक बंदूक घडवणारा होता. चापाचा प्रत्येक भाग ठरीव मापाने, ठरीव साच्याने इतका अचूक करायचा की कोणताही भाग कोणत्याही चापाला बसावा, हा त्याचा ध्यास होता. १७८५ साली थॉमस जेफर्सन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, ते पॅरिसमध्ये आपल्या देशाचे वकील म्हणून राहत होते. ते हा चमत्कार पाहायला गेले. ब्लाँने पन्नास चापांचे भाग सुटे करून खणाखणांतून मांडून ठेवले होते. जेफर्सनसाहेबांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही चाप जोडून पाहिले, आणि ते बिनचूक जुळले. मायदेशी पाठवलेल्या पत्रात त्यांनी हे सारे कौतुकाने कळवले आहे. ज्याने आयुष्यात कधी कानस धरली नसेल असा एक मुत्सद्दी खुर्चीत बसून बंदुकीचा चाप जोडतो! या घटनेत पुढची सगळी गोष्ट आलेली आहे.

अमेरिकेने ही कल्पना उचलून धरली. कापसातून सरकी काढण्याचे यंत्र करणारा एली व्हिटनी याने १७९८ साली दोन वर्षांत १०,००० बंदुका देण्याचा करार सरकारशी केला. शाळेच्या पुस्तकांतून अदलाबदलीच्या भागांचा जनक म्हणून त्याचे नाव दीर्घकाळ झळकत राहिले. पण त्याच्या शेवटच्या बंदुका सरकारच्या हाती पडायला १८०९ साल उजाडले, आणि पुढे अभ्यासकांनी त्या उघडून पाहिल्या तेव्हा त्यांचे भाग खऱ्या अर्थाने अदलाबदलीचे नव्हतेच असे आढळले. खरे काम केले ते हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात जॉन हॉल या माणसाने. १८२० नंतरच्या दशकात सरकारी समितीने त्याच्या शंभर रायफली सुट्या केल्या, भाग मिसळले, पुन्हा जोडले, त्या जुळल्या. हॉलचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. इतिहासात असे पुष्कळदा घडते. बोलणाऱ्याचा पुतळा होतो आणि करणारा कानशीच्या भुशात हरवून जातो.

१८५१ साली लंडनच्या काचमहालात जगाचे प्रदर्शन भरले. तेथे व्हरमाँटच्या एका अमेरिकन कारखान्याने अदलाबदलीच्या भागांच्या सहा रायफली मांडल्या. इंग्रज चपापला. १८५४ साली त्याची एक समिती अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात गेली. समितीने १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली, दर वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडल्या, त्या सुट्या करून भाग एकत्र कालवले आणि कामगाराला म्हटले, जोड. त्याने त्या सहज जोडून दाखवल्या. समितीने तिथेच यंत्रांची मागणी नोंदवली आणि ती यंत्रे लंडनजवळच्या एनफील्ड येथील कारखान्यात येऊन बसली.

एनफील्ड हे नाव आले की आपला कान टवकारतो. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आणि तिची चरबी लावलेली काडतुसे यांवरून १८५७ साली काय पेट घेतला हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच नमुन्याची बंदूक त्याच सुमारास एनफील्डच्या नव्या यंत्रांवर अदलाबदलीच्या भागांनी बनू लागली होती. एकाच बंदुकीने हिंदुस्थानात बंड पेटवले आणि विलायतेत कारखानदारीचे नवे युग आणले, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

आता या यंत्राने कायद्यापुढे कोणते कोडे टाकले ते पाहा. जिचे भाग कोणालाही बसतात ती बंदूक तुकड्यातुकड्याने प्रवास करू शकते. नळी एका गाडीतून जाईल, चाप दुसऱ्या पेटीतून, दस्ता तर सुतार घरीच करील. तीन माणसांच्या तीन घरांत झडती घेतली तर कोणाकडेच बंदूक सापडणार नाही. आणि रात्री तिघे एकत्र बसले की पहाटे बंदूक तयार! ब्लाँच्या खणांपाशी बसून जेफर्सनसाहेबांनी जे केले ते मग कोणीही करू शकतो. म्हणजे सुटा भाग आता भंगार उरला नाही. ती अर्धी बंदूक झाली.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारने १८५७ व १८६० साली हत्यारांविषयी कायदे केले, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत सर्व देशाला बांधणारा शस्त्रांचा कायदा आला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही याच साहेबाचा आणि याच वर्षीचा. या शस्त्रकायद्यात हत्यार म्हणजे काय याची यादी दिली आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण, तोफा. आणि त्यांच्याच रांगेत हत्यारांचे भाग, आणि हत्यारे बनवण्याची यंत्रेसुद्धा! काकूंच्या फडक्यातला चाप कायद्याच्या वहीत चढला तो असा.

परंतु त्या कायद्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या होत्या आणि त्या सोडवून पाहणे मला महत्त्वाचे वाटते. एक होती वस्तूविषयीची दक्षता. सुट्या भागाची बंदूक होते, तेव्हा भागावरही नजर हवी, हे शहाणपण. दुसरा होता माणसाविषयीचा अविश्वास. कारण कायद्याखालच्या नियमांनी युरोपीय माणसाला परवान्यातून सूट दिली होती. बिबट्या दारात आला तरी देशी शेतकऱ्याने परवाना दाखवावा आणि गोऱ्या साहेबाने नुसता चेहरा दाखवावा! पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना चालू होता. त्यात काडतुसे भरणाऱ्या हातांना स्वतःच्या घरात मात्र एक काडतूस ठेवण्याची मुभा परवान्यावाचून नव्हती. हा अपमान लोकांच्या फार जिव्हारी लागला. १८८७ साली मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनातच काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यात काढलेल्या पत्रकात, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा अर्थाचे लिहिले. त्यांना बंदूक हवी होती म्हणून नव्हे. माणसावर विश्वास नाकारणे हीच त्यांच्या लेखी हिंसा होती.

आणि ज्यांना अडवण्यासाठी एवढा खटाटोप, ते अडले का? कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले. १९०९ च्या आरंभी लंडनहून एका पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईच्या किनाऱ्याला लागली आणि त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन पडला. ज्याने मनाशी मरण पत्करले आहे त्याला परवान्याचा कागद अडवीत नाही. अडतो तो रानडुकरांनी भात नासले म्हणून कपाळाला हात लावणारा शेतकरी.

स्वातंत्र्य आल्यावर काय करावे, हा प्रश्न म्हणूनच सोपा नव्हता. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांत, योग्य त्या नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे घटना समितीत, १९४८ च्या डिसेंबरात, हरि विष्णु कामतांनी त्याची आठवण देऊन तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. आता देश आपला आहे. तेव्हा शस्त्र बाळगण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्याचा विचार हवा, असा त्यांच्या उत्तराचा एक रोख होता. घटनेत तो हक्क आला नाही.

१९५९ साली आपल्या संसदेने नवा शस्त्र कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. गंमत अशी की ‘भाग आणि बनवण्याची यंत्रे’ हे शब्द तिथेही तसेच आहेत. मग बदलले काय? बदलली ती ती दोरी. माणसाच्या कातडीवरून ठरणारा अविश्वास गेला. वस्तूविषयीची दक्षता राहिली. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याचा विचार कायद्याने केला. विळा, कोयता, काठी ही केवळ घरकामाची किंवा शेतीची साधने असतील तर ती हत्यारांच्या व्याख्येतून वगळली. परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करण्यास मनाई केली, कारण आखूड नळीची बंदूक सदऱ्याखाली लपते. आणि सुट्या भागाविषयी तर ४५ व्या कलमात मोठा बारीक विचार आहे. भाग किरकोळ असेल, आणि तो आपल्याजवळच्या किंवा दुसऱ्या कोणाजवळच्या जोडीच्या भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल, तर त्याला कायद्याचा जाच नाही. त्याच कलमात, जी दुरुस्त करूनही उडणार नाही अशी जुनाट, मोडकी बंदूकही सोडलेली आहे. म्हणजे १८७८ च्या यादीत जो नुसता लोखंडाचा तुकडा होता, त्याच्यापाठी आता माणसाचा हेतू उभा राहिला.

हेतू मोजायचा कसा, ही मात्र न्यायाधीशांची डोकेदुखी, आणि ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. ज्या अमेरिकेत सुट्या भागांची बंदूक वयात आली तिथे १९३४ सालच्या कायद्याने आखूड नळीच्या रायफली बनवण्यावर २०० डॉलरचा कर बसवला होता. तेथील थॉम्पसन सेंटर नावाच्या कंपनीने एक पिस्तूल काढले आणि त्याबरोबर भागांचा एक संचही विकायला ठेवला. संचातला दस्ता आणि २१ इंची नळी पिस्तुलाला जोडली की कायदेशीर रायफल व्हायची. परंतु तोच दस्ता बसवून पिस्तुलाची मूळची १० इंची नळी तशीच ठेवली, तर १६ इंचांपेक्षा आखूड अशी, कायद्याने अडवलेली रायफल व्हायची. एका पेटीत तीन हत्यारे. दोन सरळ, एक वाकडे! सरकार म्हणाले, पेटी विकली म्हणजे वाकडे हत्यार बनवलेच, कर भरा. कंपनीने कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून फिर्याद केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९२ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी कंपनी जिंकली. संचाचा सरळ उपयोग उघड दिसत असताना, आणि कायद्याचा शब्द संदिग्ध असताना, संशयाचा फायदा नागरिकालाच मिळाला पाहिजे, हे त्या निकालाचे सार. नऊ विद्वानांपैकी चौघांना ते पटले नाही, यावरून प्रश्नाची अवघडता कळावी.

हे सारे मनात घोळवीत मी दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो. त्यांना जेफर्सन किंवा अमेरिकेचे न्यायालय सांगण्याचे कारण नव्हते. मी एवढेच म्हटले, “काकू, हा चाप एखाद्या भंगारवाल्याच्या ढिगात एकटा पडलेला असता तर गोष्ट निराळी. पण हा आहे सगळा धड, आणि खुंटीवर बंदूक आहे. हा तिला बसत नाही हे तुम्हाला-मला ठाऊक. कागदाला कसे ठाऊक असणार? दोन्ही एकदमच देऊन टाकू.”

काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे आमच्यावर संशय घेतील का हो? ह्यांनी आयुष्यात कोणाला शिवी दिली नाही.”

खरे दुखणे इथे होते. चाप द्यायला त्यांची ना नव्हती. नवऱ्याच्या नावाला डाग लागेल या भीतीने त्यांना झोप नव्हती. गोऱ्या सरकारने पेरलेला तो जुना अविश्वास दीडशे वर्षांनंतर एका म्हातारीच्या पोटात अजून गोळा होऊन बसला होता. मी त्यांना समजावले की आज वस्तू स्वतःहून पुढे करणाऱ्याला कायदा चोर समजत नाही. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, की विनाकारण उशीर न करता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कायदाच सांगतो. जमा केल्याने मालकी बुडत नाही. वारसाने रीतसर परवाना मिळवला तर ते परत मिळते, किंवा विकूनही टाकता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. आधी तीनची मुभा होती. वाडवडिलांकडून आलेल्या बंदुकाही या दोनांतच धरतात. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरांत आजोबांची बंदूक माळ्यावर पडून राहते आणि सज्जन माणसे नकळत गुन्हेगार होतात. गुन्हा हेतूने होतो असे आपण म्हणतो, पण आळसानेही होतो आणि भिडेनेही होतो.

काकूंच्या थोरल्याला घेऊन आम्ही तिघे ठाण्यावर गेलो. काकांचा परवाना, मृत्यूचा दाखला, बंदूक आणि फडक्यातला चाप अंमलदारापुढे ठेवला. त्याने चाप उलटसुलट करून पाहिला, नळीवरचे खोदलेले आकडे परवान्याशी ताडून पाहिले आणि एकेका वस्तूची नोंद केली. मग चापाकडे बोट दाखवून त्याने विचारले, “आजी, हा कुठला?”

“ट्रंकेत होता, बाबा. मला ठाऊक नाही,” काकू म्हणाल्या. अंमलदाराने तेवढेच लिहून घेतले आणि पावती दिली. काकूंनी ती दोनदा वाचून घेतली, घडी घालून बटव्यात ठेवली आणि परतीच्या वाटेवर प्रथमच मोकळेपणाने बोलू लागल्या.

खंडेनवमीला मी प्रसादाला गेलो तेव्हा खुंटी रिकामी होती. पाटावर कोयता, विळा, कुदळ आणि नांगराचा फाळ मांडलेला होता, आणि प्रत्येकावर झेंडूचे एकेक फूल होते. यांतल्या एकालाही परवाना लागत नाही, हे मी काकूंना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, भात तर ह्यांनीच पिकतं.”